स्टार हेल्थची वाटचाल आणि आपल्या आईवडिलांची पॉलिसी

आपला प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. आपले वडील ६४ वर्षांचे असून बडोद्याजवळच्या एका रसायन कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, आई ६० वर्षांची आहे, आणि दोघांच्या नावावर गेली नऊ वर्षे एका सरकारी कंपनीची तीन लाखांची मेडिक्लेम पॉलिसी आहे. दांडिया बाजारातील आपल्या ओळखीचे एजंट ही पॉलिसी स्टार हेल्थकडे पोर्ट करावी, म्हणजे जुने हक्क राखून त्या कंपनीत हलवावी, असा आग्रह धरत आहेत. आपल्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. २००६ मध्ये सुरू झालेली खाजगी कंपनी वैयक्तिक आरोग्य विम्यात पन्नास वर्षे जुन्या सरकारी कंपन्यांच्या पुढे कशी गेली, आणि वयाच्या या टप्प्यावर आईवडिलांना तिच्या हवाली करावे का? मी सरकारी सामान्य विमा कंपनीच्या बडोदा येथील कार्यालयात आरोग्य दाव्यांचे काम अनेक वर्षे केले आहे आणि निवृत्तीनंतर लोकांना दाव्यांच्या बाबतीत सल्ला देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेले असल्यामुळे आधी इतिहास सांगतो.

सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. या चौघींनी १९८६ मध्ये मेडिक्लेम ही योजना आणली. आज आपण कोणत्याही आरोग्य विम्याला सहज मेडिक्लेम म्हणतो, ते त्यामुळेच. परंतु त्या काळात आरोग्य विमा हा कंपन्यांच्या दृष्टीने जोडधंदा होता. आग, सागरी वाहतूक, यंत्रसामग्री यांच्या विम्याचे दर टॅरिफने, म्हणजे सर्व कंपन्यांना बंधनकारक असलेल्या समान दरपत्रकाने ठरलेले असत, त्यात चांगला नफा मिळे, आणि मोठ्या कारखान्याचा आगीचा विमा आपल्याकडे राहावा म्हणून त्याच कारखान्याच्या कामगारांचा ग्रुप मेडिक्लेम तोट्याच्या दरात दिला जाई. बडोदा हे औद्योगिक शहर. येथील रिफायनरी, खत आणि पेट्रोरसायन कारखाने, त्यांच्या आसपासचे इंजिनिअरिंगचे उद्योग यांमुळे असा ग्रुप विमा येथे घरोघरी परिचित होता. त्यामुळे नोकरी असेपर्यंत वेगळ्या पॉलिसीची गरज कुणाला भासली नाही. निवृत्तीच्या दिवशी मात्र ते संरक्षण संपत असे, आणि साठाव्या वर्षी नवी पॉलिसी मागायला गेलेल्या माणसाला अनेकदा दार बंद असल्याचे दिसे. हा वर्ग त्या काळी विमा व्यवसायाच्या नजरेआड राहिला, आणि खाजगी कंपन्यांची पुढची वाढ मोठ्या प्रमाणात याच वर्गावर झाली, असे माझे मत आहे.

१९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या १९९४ च्या अहवालात विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले करण्याची शिफारस होती. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक आणि विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि २००० पासून २६ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल घेऊन खाजगी कंपन्या येऊ लागल्या. ही मर्यादा पुढे २०१५ मध्ये ४९ टक्के आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. सुरुवातीच्या खाजगी कंपन्याही मोटार, आग, आरोग्य असे सर्व काही विकणाऱ्या होत्या. २००१ मध्ये टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे नियम झाले आणि कॅशलेस उपचारांची, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची सोय रुळली, पण निव्वळ आरोग्य विमा करणारी कंपनी अजून निघालेली नव्हती.

ती निघाली चेन्नईत. युनायटेड इंडियाचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक राहिलेले व्ही. जगन्नाथन यांनी स्टार हेल्थ अँड अलाइड इन्शुरन्स ही देशातील पहिली स्वतंत्र आरोग्य विमा कंपनी उभी केली, आणि २००६ मध्ये परवाना मिळून तिचे काम सुरू झाले. येथे मी थोडा थांबतो, कारण या कंपनीच्या पायाभरणीत जे दोन निर्णय घेतले गेले, त्यांतच तिचे पुढचे यश आणि तिच्याविषयीच्या तक्रारी या दोहोंचे मूळ आहे. पहिला निर्णय असा की दावे टीपीएकडे न सोपवता कंपनीने स्वतःच्या पगारावरील डॉक्टरांकडून, स्वतःच्या कार्यालयातून हाताळायचे. दुसरा निर्णय, जो काही वर्षांनी पूर्ण रूपात दिसला, तो असा की कारखान्यांच्या ग्रुप विम्यामागे न धावता एजंटांमार्फत एकेका कुटुंबाला पॉलिसी विकायची.

सुरुवातीची मोठी उलाढाल मात्र सरकारी योजनांतून आली. १ एप्रिल २००७ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री योजना महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत सुरू झाली, आणि तिचा विमा स्टार हेल्थने उचलला. २००९ मध्ये तमिळनाडूची कलैज्ञर विमा योजनाही तिच्याकडे आली. लाखो कुटुंबांचे दावे, शेकडो रुग्णालयांशी करार आणि शस्त्रक्रियांचे पॅकेज दर यांचा जो अनुभव एखाद्या नव्या कंपनीला मिळायला वीस वर्षे लागली असती, तो तिला चार-पाच वर्षांत मिळाला. मात्र सरकार बदलले की योजनाही बदलते. २०१२ मध्ये तमिळनाडूची नवी योजना युनायटेड इंडियाकडे गेली आणि स्टारच्या प्रीमियमला मोठी खोट बसली. त्यानंतर कंपनीने आपला सारा भर वैयक्तिक ग्राहकावर दिला. निविदेत एका सहीने येणारा धंदा एका सहीने जातोही. घरोघरचा हप्ता मात्र दरवर्षी नूतनीकरणाने परत येतो. मी सरकारी कंपनीत होतो, तरीही हा निर्णय योग्य होता, हे मोकळेपणाने सांगतो.

याच सुमारास सरकारी कंपन्यांची बाजू कमकुवत होत होती. १ जानेवारी २००७ पासून टॅरिफ उठले, आगीच्या विम्याचे दर कोसळले आणि ग्रुप मेडिक्लेमचा तोटा भरून काढणारा नफा आटला. तोटा आवरण्यासाठी जुलै २०१० मध्ये चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांत कॅशलेस सुविधा थांबवली आणि ठरलेल्या दरांनी काम करणाऱ्या रुग्णालयांचे वेगळे जाळे तयार केले. आर्थिकदृष्ट्या त्यात तथ्य होते. रुग्णालये विमा आहे हे कळताच बिल वाढवीत, हे आम्ही रोज पाहत होतो. परंतु ज्याचा माणूस त्या दिवशी भरती होता, त्याला ते तथ्य सांगून काय उपयोग? सरकारी कंपनीवरचा जो सहज भरवसा होता, त्याला पहिला तडा त्या काळात गेला. १ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी लागू झाली, म्हणजे जुन्या कंपनीत भोगलेला प्रतीक्षा काळ (ज्या मुदतीत आधीपासूनच्या आजारांचे दावे मिळत नाहीत ती) न गमावता दुसऱ्या कंपनीत जाण्याची मुभा मिळाली, आणि नाराज ग्राहकाला वाट मोकळी झाली.

स्टारने या काळात ज्यांना कुणी घेत नव्हते, त्यांच्यासाठी पॉलिसी काढल्या. ६० ते ७५ वयात नव्याने प्रवेश देणारी सीनियर सिटिझन्स रेड कार्पेट ही त्यांतील सर्वांत ठळक. पॉलिसी घेण्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, प्रवेश सोपा, पण दाव्यातील ठरावीक टक्के रक्कम ग्राहकाने स्वतः भरायची, म्हणजे को-पे. मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी पॉलिसी निघाली, कुटुंबासाठी फॅमिली हेल्थ ऑप्टिमा ही फ्लोटर योजना, म्हणजे एकच विमा रक्कम साऱ्या कुटुंबाने मिळून वापरायची योजना निघाली. छोट्या शहरांत शाखा उघडल्या गेल्या, आणि एजंटांची संख्या वाढत जाऊन २०२१ पर्यंत साडेचार लाखांच्या वर पोहोचली. रावपुरा किंवा कारेलीबागेतील वीस खाटांच्या नर्सिंग होमचा ज्या कंपनीशी करार असतो, ती कंपनी मध्यमवर्गीय कुटुंबाला जवळची वाटते, कारण हर्निया, मोतीबिंदू, डेंग्यूसाठी माणूस मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात न जाता ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. हे स्टारने इतरांच्या आधी ओळखले.

तिच्या मागोमाग इतर स्वतंत्र कंपन्या आल्या, त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण नावे बदलल्यामुळे लोक गोंधळतात. अपोलो डीकेव्ही पुढे अपोलो म्युनिक झाली आणि २०२० मध्ये एचडीएफसी अर्गोत विलीन झाली. मॅक्स बुपा २०२१ पासून निवा बुपा म्हणून ओळखली जाते, रेलिगेअर हेल्थ २०२० पासून केअर हेल्थ, आणि सिग्ना टीटीके ही आता मणिपाल सिग्ना आहे. आदित्य बिर्ला हेल्थ २०१६ मध्ये आली.

स्टारची मालकीही बदलली. २०१८ मध्ये वेस्टब्रिज व मॅडिसन कॅपिटल या गुंतवणूक संस्था आणि शेअर बाजारातील गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांच्या गटाने जुन्या गुंतवणूकदारांकडून कंपनी घेण्याचा करार केला आणि २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. त्यानंतर कोविड आला. आरोग्य विमा कंपनीसाठी हा काळ दुहेरी होता: विम्याची मागणी वाढली आणि दाव्यांचाही पूर आला. २०२०-२१ मध्ये कंपनीचा प्रीमियम सुमारे ९,३४९ कोटींवर गेला, वैयक्तिक आरोग्य विम्यातील तिचा वाटा ३१ टक्क्यांच्या आसपास होता, आणि तरीही त्या वर्षी सुमारे ८२६ कोटींचा तोटा झाला. पुढच्या वर्षी तोटा एक हजार कोटींच्या वर गेला. मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, ९०० रुपये दराने तिचे समभाग बाजारात आले. त्या विक्रीला पूर्ण प्रतिसाद मिळाला नाही, ७९ टक्क्यांपर्यंतच अर्ज आले. दावे ओसरल्यावर चित्र पालटले: २०२३-२४ मध्ये प्रीमियम पंधरा हजार कोटींच्या वर आणि नफा ८४५ कोटी.

आता त्या आकड्याकडे वळतो ज्यावरून आपले एजंट आणि आपले शेजारी वाद घालत आहेत, म्हणजे दावा गुणोत्तर. कंपनीने कमावलेल्या शंभर रुपये प्रीमियमपैकी किती रुपये दाव्यांत गेले, हे त्यातून कळते. सरकारी कंपन्यांचे आरोग्य विम्यातील गुणोत्तर शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही वर असते, तर स्वतंत्र आरोग्य कंपन्यांचे ६५ च्या जवळपास. त्यावरून सरकारी कंपनी उदार आणि खाजगी कंपनी कंजूष, असा सरळ निष्कर्ष लोक काढतात, तो अर्धाच खरा आहे. सरकारी कंपन्यांच्या आकड्यात ग्रुप पॉलिसींचा वाटा मोठा असतो, तेथे एजंटाचा खर्च कमी असतो, पहिल्या दिवसापासून जुने आजारही बहुधा धरले जातात आणि दर घासाघीस करून उतरवलेले असतात, म्हणून गुणोत्तर चढते. एकेका कुटुंबाला पॉलिसी विकणाऱ्या कंपनीचा कमिशन, शाखा आणि व्यवस्थापन यांवरचा खर्च शंभरातील तीस रुपयांच्या आसपास जातो. २०२३-२४ मध्ये स्टारचे दावे ६६.५ टक्के होते आणि खर्च धरून एकूण गुणोत्तर ९६.७ टक्के होते; म्हणजे विम्याच्या मूळ व्यवहारात शंभरामागे तीन-साडेतीन रुपयेच उरले. २०२४-२५ मध्ये दावे ७० टक्क्यांवर गेले आणि तेवढेही उरले नाही.

या हिशोबातून ग्राहकाने घेण्याची गोष्ट वेगळी आहे. ज्या कंपनीचा खर्चच तीस टक्के आहे, तिला दावे ७० च्या वर जाऊ देणे परवडत नाही. मग दोनच मार्ग उरतात: प्रीमियम वाढवणे, आणि प्रत्येक दावा बारकाईने तपासणे. दावे घरातच हाताळण्याच्या निर्णयाचा अर्थ येथे उलगडतो. मध्यस्थ नसल्यामुळे सरळ दाव्याला मंजुरी लवकर मिळू शकते. पण शंकेचा दावा असेल, तर पैसे देणारा आणि निर्णय देणारा एकच असतो. विमा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात स्टारविरुद्धच्या तक्रारी सर्वाधिक, १३ हजारांहून अधिक होत्या. कंपनीचे वैयक्तिक ग्राहकही सर्वाधिक आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही त्या तक्रारींतील बहुसंख्य दावा नाकारल्याच्या किंवा कापल्याच्या होत्या, हेही विसरता येत नाही. मी पाहिलेल्या नाकारलेल्या दाव्यांत, कंपनी कोणतीही असो, दोन कारणे वारंवार येतात: प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जात, जुना आजार लिहिलेला नसणे, आणि भरती होण्याची गरज नव्हती असा कंपनीच्या डॉक्टरचा शेरा. दुसऱ्या कारणाबाबत आपल्या शहरातला एक निर्णय माहीत असावा: २०२३ मध्ये बडोद्याच्या ग्राहक मंचाने एका सरकारी विमा कंपनीविरुद्ध निकाल देताना सांगितले की उपचार आधुनिक झाल्यामुळे रुग्ण २४ तास भरती राहिलाच पाहिजे, असा आग्रह धरता येणार नाही. पहिल्या कारणाचा बंदोबस्त मात्र आपल्याच हाती असतो.

आपल्या आईवडिलांच्या बाबतीत माझा सल्ला असा. नऊ वर्षे अखंड चाललेली पॉलिसी ही साधी गोष्ट नाही. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पूर्ण झाले की सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याच्या कारणावर दावा नाकारता येत नाही, आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळही जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आपले वडील हे दोन्ही टप्पे ओलांडून गेले आहेत. पोर्ट करताना हे हक्क सोबत जातात, परंतु जुन्या विमा रकमेपुरतेच. तीन लाखांचे दहा लाख केले, तर वरच्या सात लाखांसाठी घड्याळ पुन्हा सुरू होते. एजंट हे सहसा सांगत नाहीत. शिवाय पोर्टचा अर्ज म्हणजे नव्या कंपनीच्या दृष्टीने नवा प्रस्तावच असतो; ती तपासणी करून नकार देऊ शकते किंवा प्रीमियम वाढवून मागू शकते.

तीन लाखांचे संरक्षण आजच्या बडोद्यात अपुरे आहे, याबद्दल दुमत नाही. अँजिओप्लास्टी किंवा गुडघा बदलण्याचा खर्च त्यात भागेलच असे नाही. शिवाय जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असेल, तर ती रोजी ३,००० रुपये होते. रुग्णाने ६,००० ची खोली घेतली, तर केवळ जादा भाडे कापून कंपनी थांबत नाही; डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात निम्म्यावर येतात. औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कपात लावता येत नाही, आणि बिलात ती लावलेली आढळली तर लेखी हरकत घ्यावी.

म्हणून प्रश्न सरकारी की खाजगी हा नसून कोणत्या पॉलिसीत जायचे हा आहे. एजंट आपल्याला स्टारची ज्येष्ठांसाठीची को-पे असलेली पॉलिसी सुचवत असतील, तर माझे उत्तर नाही असे आहे. ३० टक्के को-पे म्हणजे चार लाखांच्या मान्य बिलावर १ लाख २० हजार रुपये खिशातून. ती पॉलिसी ज्यांच्याजवळ काहीच नाही त्यांच्यासाठी उपयोगी आहे. नऊ वर्षांचा हक्क हातात असलेल्याने ती घेऊ नये. को-पे नसलेल्या आणि खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या सर्वसमावेशक योजनेत कंपनी दोघांना सध्याच्या आजारांसह लेखी स्वीकारत असेल, तर पोर्ट करणे योग्य ठरेल. तसे नसेल, तर सरकारी कंपनीची पॉलिसी चालू ठेवून तीन लाखांच्या वरचा खर्च उचलणारी सुपर टॉप-अप पॉलिसी जोडावी. तिचा प्रीमियम तुलनेने बराच कमी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे त्याआधीच्या दराशी तुलना करताना कर वगळून करा. आणि जानेवारी २०२५ पासून ६० वर्षांवरील ग्राहकांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागतो. हा दिलासा दोन्ही कंपन्यांत सारखाच आहे.

वडिलांच्या रक्तदाबाची आणि आईच्या थायरॉईडची जी औषधे आपण लिहिली आहेत, ती प्रपोजल फॉर्ममध्ये सुरू झाल्याच्या वर्षासह लिहा, फॉर्म एजंटाला भरू न देता स्वतः भरा आणि त्याची प्रत ठेवा. नऊ वर्षांच्या सर्व पॉलिसींच्या प्रती आणि आधीच्या दाव्यांचे कागद सोबत जोडा. पुढे कधी दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात समाधान झाले नाही, तर गुजरातसाठीचे विमा लोकपाल अहमदाबादला आहेत, तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

आपली पॉलिसी ऑगस्टअखेर संपते. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्यायचा असतो, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो कंपनीकडे पोहोचू द्या, आणि नव्या कंपनीची स्वीकृती अटींसह लेखी हाती येईपर्यंत जुन्या कंपनीच्या नूतनीकरणाची तयारी मोडू नका.